अनुभव धागा: कार्ड नको असतं, तरी नवीन क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरल्याशिवाय राहवत नाही

इंदूरची ताई

नमस्कार मंडळी. हा धागा काढतेय तो माझ्या धाकट्या भावामुळे. त्याच्यावर कर्ज नाही, पगार चांगला, बिलं वेळच्या वेळी भरतो, तरी थोडे दिवस गेले की नवीन क्रेडिट कार्डासाठी अर्ज करतोच. दिवाळीच्या आवराआवरीत आईला त्याच्या कपाटात कार्डांची पाकिटं सापडली आणि त्यातली बरीचशी फोडलेलीसुद्धा नव्हती. विचारलं तर म्हणाला, ताई मला कार्ड नकोच असतं गं, 'अप्रूव्ड' असा मेसेज आला की दोन दिवस बरं वाटतं, मग परत काहीतरी शोधावंसं वाटतं.

बाबा त्याला उधळ्या म्हणतात, ते मला पटत नाही कारण त्याने उधळलंय कुठे? खर्चाची सवय वेगळी आणि अर्ज करत राहायची ओढ वेगळी, आणि या दुसऱ्या गोष्टीबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही. स्वतःचा किंवा घरातला अनुभव असेल तर मोकळेपणाने लिहा. बँकांची नावं नकोत.

विजयनगरवाला

ताई, तुमच्या भावाला सांगा तो एकटा नाहीये. माझं हे रात्री सुरू होतं. जेवण झालं की फोन हातात, आधी व्हिडिओ बघायचे, कुठलं कार्ड लाइफटाइम फ्री झालं, कुणी वेलकम पॉइंट वाढवले, कशावर एअरपोर्टचं लाउंज मिळतं, मग नुसती एलिजिबिलिटी बघतो म्हणून पॅन नंबर टाकायचा, जन्मतारीख, पगार, ओटीपी, आणि मग स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागतं. मला खरं हवं असतं ते एवढंच, ते चक्र फिरतानाचा अर्धा मिनिट, छातीत धडधडतं. मंजूर झालं की कुणीतरी मोठ्या माणसाने पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं आणि नाही झालं तर लगेच दुसऱ्या बँकेची साइट उघडतो, कारण नकार घेऊन झोपच लागत नाही.

ऑफिसात प्रमोशन लटकलं होतं त्या महिन्यांत हे सगळ्यात जास्त व्हायचं. हे माझ्या बायकोने दाखवून दिलं, मला स्वतःला दिसलं नव्हतं. म्हणून भावाला कार्डांबद्दल विचारू नका, त्या दिवसांत बाकी काय चाललं होतं ते विचारा.

आधी स्टॉलवर होतो

मी इथल्या एका मॉलमध्ये कार्डाच्या स्टॉलवर काम केलंय. दुसरी बाजू सांगतो. आम्हाला पैसे कार्ड बनल्यावर मिळायचे, पुढे माणूस ते वापरतो का कपाटात टाकतो याच्याशी आमचा काही संबंध नसायचा. महिनाअखेर आली की टारगेटचं टेन्शन, मग 'भिया फ्री आहे, फक्त पॅन आणि आधार द्या' हे दिवसभर चालायचं. काही चेहरे परत परत यायचे, त्यांना समजावावं लागायचं नाही, ते स्वतःच विचारायचे की नवीन काय आलंय. आमच्यात त्यांना 'पक्का गिऱ्हाईक' म्हणायचे. त्यातल्या एकाचे हात फॉर्मवर सही करताना थरथरायचे, ते अजून आठवतं. त्याला थांबवायला हवं होतं असं मला वाटतं, पण थांबवणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

पॉइंटवाला

मी जरा वेगळं बोलणार आहे. माझ्याकडे पण बरीच कार्डं आहेत, एक्सेलमध्ये प्रत्येकाची स्टेटमेंट डेट, फी, पॉइंट सगळं लिहिलेलं असतं, पूर्ण बिल भरतो आणि इंदूर-पुणे विमानाचं तिकीट पॉइंटवर काढतो. याला सरसकट आजार म्हणू नका प्लीज. माझ्या मते फरक एवढाच की मी महिनोन् महिने काही अर्ज न करता राहू शकतो. भाऊ राहू शकतो का ते बघा.

लोकमान्यनगरच्या काकू

पॉइंटवाले दादा, तुमचं पटतं, पण आमच्याकडे सुरुवात अशीच झाली होती म्हणून लिहिते. मिस्टर पण आधी नुसतेच कार्ड घ्यायचे, वापरायचे नाहीत. मग भाच्याच्या लग्नात जरा जास्त खर्च झाला आणि कपाटात एवढी लिमिट पडलेली होतीच. एकाचं बिल दुसऱ्यातून, ओळखीच्या दुकानात कार्ड घासून कमिशन देऊन रोख घ्यायची आणि ती तिसऱ्यात भरायची, आणि सगळीकडे फक्त मिनिमम ड्यू. मिनिमम भरलं की बाकीच्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला 42 टक्के, त्या व्याजावर वर 18 टक्के जीएसटी, आणि जुनं बाकी असलं की नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. शेवटी माझ्या पाटल्या गहाण ठेवून सोन्यावर कर्ज काढलं, ते बरंच स्वस्त पडलं, आणि कार्डं फेडली. मला पाटल्यांचं दुःख नाही. दोन वर्षं ते रात्री उठून गॅलरीत बसायचे आणि मला वाटायचं अॅसिडिटी आहे, त्याचं आहे.

लोन डेस्क

मी होम लोनच्या फाइली बघतो. प्रत्येक अर्जाबरोबर बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज-कार्डांच्या परतफेडीची नोंद, मागवते, ती विचारणा रिपोर्टवर तारखेसकट नोंदली जाते, कार्ड मिळो न मिळो. त्यावरून ठरणारा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जदार म्हणून तुमची पत दाखवणारा आकडा, 300 ते 900 असतो आणि थोड्या काळात खूप विचारणा दिसल्या की तो खाली येतो, कारण समोरच्याला वाटतं हा पैशासाठी दारोदार फिरतोय. भावाचं बरोबर हेच होतंय, गरज नसून गरजू दिसतोय. मध्यंतरी निपानियात फ्लॅट घेणाऱ्या एका जोडप्याची फाइल अशीच अडकली, दोघांचा पगार उत्तम, एक हप्ता चुकलेला नाही, पण विचारणांचं पान भरलेलं. मुलीला यातलं काही माहीतच नव्हतं, ती समोर बसून नवऱ्याकडे बघत राहिली.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढला तर स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षाला एकेकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

विजयनगरवाला

मला कशाने फरक पडला ते राहिलं. फोनमधला सेव्ह केलेला पॅन नंबर काढला, 1909 वर डीएनडी केलं (म्हणजे जाहिरातींचे फोन-मेसेज बंद), ते व्हिडिओवाले चॅनल बंद केले. तरी हात शिवशिवतातच. मग ठरवलं की फॉर्म भरायच्या आधी बायकोला फक्त सांगायचं, परवानगी नाही मागायची, नुसतं सांगायचं. निम्म्या वेळा सांगता सांगताच ओढ ओसरते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर पण बोललोय, सरकारी आहे, फुकट आहे, कधीही लावा. पलीकडच्या बाईंनी एकदाही 'एवढ्याशा गोष्टीसाठी फोन केलात' असं जाणवू दिलं नाही.

इंदूरची ताई

सगळ्यांचे खूप आभार, काकू तुमचे विशेष. भावाला वाचायला दिलं, विजयनगरवाल्यांचं लिहिलेलं त्याने परत परत वाचलं. प्रमोशन नाही, पण त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि तेव्हापासूनच हे वाढलंय, हे त्याने पहिल्यांदा बोलून दाखवलं.

न फोडलेल्या पाकिटांचं सांगते, बाकीच्यांना उपयोग होईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्ड 30 दिवसांत चालू केलं नाही तर बँकेने ओटीपीने संमती घ्यायची असते, आणि संमती नाही दिली तर सात कामाच्या दिवसांत ते खातं काहीही पैसे न घेता बंद करायचं असतं. चालू असलेलं कार्ड बंद करायला सांगितलं आणि काही बाकी नसेल, तर तेही सात कामाच्या दिवसांत, उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. आम्ही दोघांनी बसून ईमेल लिहायला घेतलेत.

लोन डेस्कवाले दादा, एक शंका. त्याचं सगळ्यात जुनं कार्ड पण बंद करायचं का?

लोन डेस्क

नाही, ते राहू द्या ताई. जुनं, वेळेवर भरलेलं खातं हीच त्याची चांगली हिस्ट्री आहे. वार्षिक फी लागत असेल तर त्याच बँकेत बिनफीच्या प्रकारात बदलून मिळतं का विचारा, आणि विजेचं बिल वगैरे एखादी छोटी गोष्ट त्यावर चालू ठेवा. बाकीची बंद केलीत की महिन्या-दीड महिन्याने रिपोर्ट काढून सगळ्यांपुढे 'क्लोज्ड' आलंय का ते तपासा, एखादं राहून जातं.