बोटुकलीसाठी पेंड-कोंडा की तरंगते खाद्य? मदत हवी आहे

नमस्कार. तळ्यात रोहू व कटला या माशांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) वाढवताना सर्वाधिक खर्च खाद्यावरच होत असल्याने त्याची निवड विचारपूर्वक करायची आहे. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात भिजवून दिल्यास खर्च कमी येतो. मात्र न खाल्लेला भाग तळाशी बसून कुजतो, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, ही बाब मला फार काळजीची वाटते. तरंगते खाद्य महाग असले, तरी मासे किती खातात हे डोळ्यांना दिसते. खाद्यात २८ टक्के प्रथिने या वयात पुरतात का, आणि एक किलो वाढीमागे प्रत्यक्षात किती खाद्य लागले, हे दोन्ही प्रकार वापरलेल्यांनी कृपया सांगावे. तरंगत्या खाद्याच्या दाण्याचा आकार केव्हा बदलावा, हेही कळवावे.