चाकांवरचा संसार: निवृत्तीनंतर मोटरहोममध्ये राहिलेल्यांनो, लिहा

पैलतीर

गराज आवरायला घेतलं होतं, तर वरच्या फळीवरून ते पिवळे लेव्हलिंग ब्लॉक, गाडी सपाट उभी राहावी म्हणून चाकाखाली ठेवायचे ते, धबाधबा खाली आले. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याला द्यायचे राहून गेले असणार. झालं, आवराआवर तिथंच राहिली.

नोकऱ्या संपल्यावर आम्ही दोघांनी घर विकून मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घेतली होती. क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग असतो ना, तसली. बरीच वर्षं अमेरिकाभर तिच्यातच राहिलो. उन्हाळ्यात मोंटाना, आयडाहो. थंडी पडायला लागली की खाली ॲरिझोना. काय काय पाहिलं असं लोक विचारतात. मला आधी आठवतो तो संध्याकाळचा ठरलेला प्रयोग. हे स्टिअरिंगवर, मी मागे उभी. आरशात मी दिसेनाशी झाले की ब्रेक दाबायचा, हा नियम. मग गाडी सपाट आहे का ते दाखवणारा लेव्हलचा बुडबुडा बघायचा, पुढचं एक चाक ब्लॉकवर चढवायचं, परत बघायचं. आमचा फ्रिज अमोनियावाला, जुन्या पद्धतीचा. गाडी तिरकी राहिली तर तो नीट चालत नाही आणि तसाच रेटला तर कायमचा जातो. त्यामुळे बुडबुडा मध्ये आल्याशिवाय खुर्च्या बाहेर निघायच्या नाहीत.

सुरुवातीला त्यावरून काय भांडणं व्हायची! "डावीकडे घे" म्हणजे कोणाचं डावं? शेवटी 'ड्रायव्हरची बाजू' आणि 'पॅसेंजरची बाजू' एवढंच बोलायचं ठरलं.

तर लिहा. राहिलात, राहताय, आईवडील राहतात, काहीही चालेल. फक्त प्रेक्षणीय स्थळं नकोत, ती हवी तेवढी मिळतात. राहण्याबद्दल लिहा.

जुना_टायर

दुसऱ्या कोणी विषय काढायच्या आत मीच काढतो: ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी. आधी ही काळी टाकी सोडायची, मग सिंकची करडी. म्हणजे सिंकच्या साबणपाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. सीवर हुकअप, म्हणजे मुक्कामाच्या जागी गटाराची जोडणी, असलं तरी काळीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा ठेवला की पाणी निघून जातं आणि बाकीचा ऐवज आत बसून वाळतो. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी महिनाभर उघडा ठेवलेला. पुढचं लिहीत नाही.

खिडकीकडची

जेवताना वाचत होते. धन्यवाद.

जुना_टायर

@खिडकीकडची जेवताना धागे वाचायचे नाहीत, हा आमच्या गाडीतला दुसरा नियम

मुक्कामपोस्ट

आम्ही अजून राहतोय. ३६ फुटी क्लास ए, म्हणजे बससारखी, स्लाइडआउट (खोलीचे बाहेर सरकणारे भाग) बाहेर काढले की तीनशे चौरस फूट होत असतील. मोठ्या घरात भांडण झालं की एक वर, एक खाली. इथे जाणार कुठे? दार आपटावं म्हटलं तर तेही सरकतं. मग मी कपड्यांच्या घड्या घालते, अगदी आवाज करून. हे बाहेर जाऊन टायरची हवा तपासतात. आमच्या टायरमधली हवा कायम बरोबर असते.

बाकी नंतर लिहिते, लाँड्रीचं मशीन थांबलंय आणि मागे रांग आहे.

नंदा७

हाहाहा, टायरची हवा!!! आमच्याकडे विंडशील्ड पुसतात.

अर्धविराम

मला अनुभव नाही, शंका आहे. घर विकल्यावर पत्ता कुठला देता? बँक, लायसन्स, मतदान?

जुना_टायर

@अर्धविराम बरेच फुलटायमर, म्हणजे कायम गाडीतच राहणारे, साउथ डकोटा, टेक्सस नाहीतर फ्लोरिडा निवडतात. तिन्हीकडे राज्याचा इन्कमटॅक्स नाही. साउथ डकोटात प्रवासी रहिवाशांसाठी लायसन्सची सोय आहे, एका रात्रीच्या मुक्कामाची पावती लागते. टपाल सांभाळणारी कंपनी आपल्याला पत्ता देते, आलेल्या पाकिटाचं चित्र पाठवते, मग कुठलं उघडायचं आणि कुठलं फाडायचं ते आपण कळवायचं. टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टनला एस्केपीज या मोटरहोमवाल्यांच्या क्लबचं टपालाचं मोठं काम आहे. हजारो लोकांचा पत्ता ते एकच गाव! मतदानाचे नियम वेगळे असतात, ते राज्याच्या अधिकृत पानावरच वाचा. माझ्या भरवशावर राहू नका.

आणि ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे कोर्टात पंच म्हणून बसायचं, पत्रही येतं बरं का. तुम्ही ओरेगनमध्ये, बोलावणं साउथ डकोटाहून.

सोमण्यांची_सून

सासूसासरे राहतात, मी नाही. त्यांचं मांजर पण. मांजराबद्दल लिहिलं तर चालेल ना? स्लाइडआउट आत घ्यायच्या आधी मांजर मोजायचं. म्हणजे एकच आहे, पण ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. स्लाइडच्या खालच्या सांदीत जाऊन बसतं. सासूबाई मांजर मांडीवर घेऊन बसतात, "आहे!" असं ओरडतात, मग सासरे बटण दाबतात. रोज.

खिडकीकडची

कुठलं मांजर? रंग? फोटो??

सोमण्यांची_सून

@खिडकीकडची केशरी. लबाड. फोटो रात्री टाकते.

चाकोरीबाहेर

राष्ट्रीय उद्यानांसारख्या फेडरल जागांचा सीनियर पास घेतला नसेल तर घ्या. ६२ पूर्ण असलेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतो. वर्षाचा २० डॉलर, आयुष्यभराचा ८०. राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश मोफत आणि पुष्कळ फेडरल कॅम्पग्राउंडला भाडं निम्मं. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना मात्र हा पास काढता येत नाही, ते विचारूच नका, पन्नास वेळा विचारून झालंय.

जुना_टायर

२०१७ च्या ऑगस्टपर्यंत आयुष्यभराचा पास १० डॉलरला होता. माझा तोच आहे. उगाच सांगितलं.

चाकोरीबाहेर

तुमचे शेजारी व्हॉल्व्ह उघडा का ठेवत होते ते आता कळलं, तुम्हाला पळवायला

दूरचा_मुलगा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढे, गाडी ३४ फुटी, मागे छोटी कार ओढत नेतात. फोनवर त्यांचा निळा ठिपका बघायची मला सवय लागलीय. ठिपका नेवाडात दोन तास हलला नाही की माझं कामात लक्ष लागत नाही. फोन केला तर बाबा म्हणतात, "अरे, सूर्यास्त बघतोय." नेटवर्क असताना फोन उचलायचा नाही हा त्यांचा निवृत्तीनंतरचा छंद.

खरी काळजी वेगळीच आहे. आई कार चालवते, पण मोठ्या गाडीला हात लावत नाही. बाबांना काही झालं तर? विचारलं की दोघंही विषय बदलतात.

मेडिकेअरचंही सांगतो, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचं. त्यांनी ॲडव्हांटेजचा, म्हणजे खाजगी कंपनीमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअरचा, एचएमओ प्लॅन घेतला होता. त्यात इमर्जन्सी सोडली तर घराजवळच्या नेटवर्कमधलेच डॉक्टर. सतत फिरणाऱ्याला काय उपयोग? मूळ मेडिकेअर घेणारा डॉक्टर देशात कुठेही चालतो. निघायच्या आधी हे बघा. एकदा ॲडव्हांटेजमध्ये गेलं की पुढे मेडिगॅप (मूळ मेडिकेअरला जोडायचा पूरक विमा) मिळणं बऱ्याच राज्यांत अवघड होऊन बसतं.

वाऱ्यावरची

@दूरचा_मुलगा तुझ्या आईसाठी लिहिते, तिला वाचून दाखव.

आम्ही वायोमिंगमध्ये होतो, आय-८० महामार्गावर. तिथला वारा माहीत असेलच, जोर वाढला की उंच आणि हलक्या गाड्यांना रस्ता बंद करतात. सकाळी ह्यांच्या पाठीत कळ आली, किडनी स्टोन निघाला नंतर. तेव्हा काय माहीत? घामाघूम होऊन जमिनीवर आडवे. ॲम्ब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले. मी किल्ली घेतली.

हे जमलं कारण त्याआधीच्या हिवाळ्यात ह्यांनी मला हट्टाने शिकवलं होतं. रविवारी रिकामी असते अशी शाळेची पार्किंगची जागा, त्यात प्लास्टिकचे शंकू मांडायचे. पहिला धडा शेपटीचा. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा केवढा तरी भाग लोंबत असतो. उजवीकडे वळलं की तो डावीकडे झुकतो आणि शेजारच्या खांबाला पुसून जातो. दुसरा धडा उताराचा. वरूनच खालचा गिअर टाकायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, तापले की धरत नाहीत. तिसरा म्हणजे ट्रक बाजूने गेला की गाडी आधी ढकलली जाते आणि मग ओढली जाते, तेव्हा स्टिअरिंगशी झोंबायचं नाही.

त्या दिवशी पंचेचाळीसच्या वर काटा नेला नाही. मागे गाड्यांची माळ. हे मागून कण्हत कण्हत सांगतायत, "आरसा बघ, आरसा." म्हटलं, गप्प पडून राहा. हॉस्पिटलच्या दारात लावली ती तीन गाड्यांच्या जागेत तिरकी, पण लावली. गार्ड हलवायला सांगायला आला आणि माझा चेहरा बघून परत गेला.

तेव्हापासून रोज पहिला तास मी चालवते, रस्ता सोपा असो की अवघड. जिला पार्किंगमधून गाडी काढता येत नाही ती त्या गाडीत पाहुणी असते, माझं तरी हेच मत. तुझ्या आईला सांग, रविवारी शंकू घेऊन जा.

मुक्कामपोस्ट

ताई, अंगावर काटा आला. गार्डचं वाचून हसले पण. आमच्यात मी चालवत नाही. ह्यांना आत्ताच वाचायला दिलंय.

दूरचा_मुलगा

@वाऱ्यावरची काकू, आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "शंकू कुठे मिळतात?" बाबा काहीच बोलले नाहीत, हे चांगलं लक्षण आहे.

नंदा७

दोघांना चालवता यावी हे शंभर टक्के. पण मोठी गाडी हवीच कशाला? २४-२५ फुटांत दोघांचं भागतं. आम्ही मोठी विकून छोटी घेतली. कपडे कमी झाले, पाहुणे बंद झाले, आणि राष्ट्रीय उद्यानांतल्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळायला लागल्या. तिथल्या कितीतरी जागा ३५-४० फुटींसाठी नाहीतच.

टोपीवाला

उंचीबद्दल कोणीच बोललं नाही! छपरावरचा एसी धरून मोठी गाडी १२ फुटांच्या पुढे जाते. नॉर्थ कॅरोलायनात डरॅमचा तो रेल्वेपूल बघा, ११ फूट ८ इंचांचा. त्याने इतक्या ट्रकांची छपरं सोलली की 'कॅन ओपनर' नाव पडलं. २०१९ मध्ये उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी लोक आपटतातच. आमच्या स्टिअरिंगसमोर चिठ्ठी आहे: उंची १२-९. भाड्याने घेतलेली गाडी असेल तर आधी हे.

खिडकीकडची

त्या पुलाचे व्हिडिओ बघत बसले तासभर. धुणं तसंच राहिलं. मांजराचा फोटो आला का?

केसरबाग

आम्ही दोन उन्हाळे कॅम्प होस्ट होतो. फुकट जागा, वीज, पाणी, सीवर, बदल्यात आठवड्याला ठरलेले तास काम. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला की हे एकदम सरळ चालायला लागले! काम काय, तर शेगडीच्या कड्यांतली राख काढायची, स्वच्छतागृहं बघायची, रात्री दहानंतर जनरेटर चालू असेल तर जाऊन गोड बोलायचं. ऑफिसात ज्यांनी माणसं सांभाळली त्यांना हे शेवटचं फार जमतं.

हिवाळा ॲरिझोनात क्वार्टझ्साइटला. तिथे सरकारी जमिनीवर लांब मुक्कामाच्या जागा आहेत, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, पूर्ण हंगामाचे १८० डॉलर. हुकअप नाही, म्हणजे वीज सोलरची आणि पाणी मोजून. एरवी बीएलएमच्या, म्हणजे सरकारी जमीन खात्याच्या, मोकळ्या जमिनीवर साधारण १४ दिवसांत उठावं लागतं. जानेवारीत नजर जाईल तिथवर गाड्या. कॅनडाचेही पुष्कळ. दर संध्याकाळी कोणाच्या तरी दारात खुर्च्यांचं रिंगण. मुलांच्या गावात राहिलो असतो तर एवढी माणसं भेटली नसती. हे मुलांना सांगत नाही.

अर्धविराम

खर्चाचं कोणी खरं सांगेल का? स्वस्त पडतं ना घरापेक्षा?

नंदा७

@अर्धविराम एका जागी महिना काढलात तर पडतं. रोज हललात तर नाही. पेट्रोलवरची क्लास ए गॅलनला सातआठ मैल देते. वर दुरुस्ती. चालतं घर म्हणजे रोज भूकंप, काही ना काही निखळतंच. गाडीची किंमत पडते ती वेगळी. माझं ऐका, घर लगेच विकू नका. वर्षभर भाड्याने द्या आणि निघा. परतायला दार हवं.

पैलतीर

इथे माझं पटत नाही. घर ठेवलं असतं तर आम्ही पहिल्या पावसाळी आठवड्यातच परतलो असतो. विकलं म्हणून टिकलो.

पण थांबायचं कुठे हे निघतानाच बोलून ठेवायला हवं, ते खरं. ह्यांची रात्रीची नजर कमी झाली, मग आम्ही दुपारी दोनलाच मुक्काम करायला लागलो, मग फक्त ओळखीचे रस्ते. थांबलो ते आपसूक. लिव्हिंग्स्टनला त्याच क्लबचं केअर नावाचं केंद्र आहे. ज्यांना आता गाडी चालवणं झेपत नाही ते आपापल्या गाडीतच राहतात आणि जेवण, देखभाल तिथली. आम्ही पाहून आलो होतो. मला आवडलं होतं, ह्यांना नाही.

वाऱ्यावरची

पैलतीर, हे कसे आहेत आता?

पैलतीर

@वाऱ्यावरची बरे आहेत. पेपर मोठ्या अक्षरात वाचतात आणि मी कार चालवताना शेजारी बसून ब्रेक दाबतात.

वाऱ्यावरची

सगळे दाबतात

टोपीवाला

टायरवरून राहिलं. नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. मोटरहोम उभीच फार असते, टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूला डीओटी कोड छापलेला असतो, शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. सहासात वर्षं झाली की बदला.

मुक्कामपोस्ट

टॉर्च घेऊन पाहून आले. १४१६. सगळ्यांवर. हवा मात्र बरोबर आहे!

टोपीवाला

अहो ताई, बदलल्याशिवाय हलू नका!

मुक्कामपोस्ट

शुक्रवारी मोंटानात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाला निघायचं ठरलंय हो, जागा सहा महिने आधी मिळालीय.

नंदा७

टायर आधी. आणि तिथल्या गोइंग-टु-द-सन रोडवर तुमची ३६ फुटी चालणार नाही. मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडी सोडत नाहीत. मागे कार ओढता का? तिने जा.

मुक्कामपोस्ट

ओढतो. कार मीच चालवते.

सोमण्यांची_सून

मांजराचा फोटो टाकलाय. उठलेलं नाहीये, ते तसंच बसतं.