अनुभव धागा: जहाज पोचलं, आता उतरायचं कसं?

हळूबाई:

दोन्ही गुडघे बदलल्यावर पहिल्यांदाच क्रूझला गेले. जहाजावर काहीच अडलं नाही. लिफ्ट आहे, कठडे आहेत, दमलं की टेकायला खुर्ची आहे. अडलं ते बंदरात. माहितीपत्रकात काही बंदरांच्या नावापुढे बारीकसा नांगर छापला होता, मला वाटलं शोभेचा असेल. त्याचा अर्थ जहाज धक्क्याला लागणारच नाही, पाण्यातच नांगर टाकून उभं राहणार आणि टेंडरने, म्हणजे छोट्या बोटीने, किनारा गाठायचा. हे ज्ञान मला सकाळी साडेसातला रांगेत उभं असताना झालं.

म्हणून हा धागा. बघण्यासारख्या ठिकाणांच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. मला हवाय तो जहाजाच्या दारापासून गावातल्या पहिल्या बाकापर्यंतचा हिशोब. काठी, वॉकर, व्हीलचेअर, धाप, कंबर, काहीही चालेल. फसलेले बेत आधी लिहा.

तिसरी सून:

फसलेला बेत? घ्या. ग्रीसचं सँटोरिनी बेट, सासूबाई, वय ७८, सोबत वॉकर.

तिथे नांगरच असतो, हे आम्हाला माहीत होतं. जुन्या बंदरावर उतरलं की वर 'फिरा' नावाच्या गावात जायला तीनच वाटा: केबल कार, गाढव किंवा जवळजवळ सहाशे पायऱ्या. केबल कारच्या रांगेत उन्हात तास-दीड तास जातो, त्यात स्थानकातही पायऱ्या. म्हणून मी हुशारी केली आणि जहाजाचीच सहल घेतली. त्या सहलींच्या बोटी बहुतेक वेळा अथिनिओसच्या धक्क्याला लागतात, तिथे बस उभी असते आणि ती वळणावळणाने डोंगर चढते. सकाळ झकास गेली. सासूबाई खिडकीशी बसून खाली दिसणारं जहाज दाखवत होत्या, "आपलं ते मधलं."

दुपारी गाइडने सगळ्यांच्या हातावर एकेक तिकीट ठेवलं आणि निरोप घेतला. परतीची बस नव्हतीच! सहल वर संपते, खाली जायचं आपापलं, केबल कारने. हे सहलीच्या वर्णनात शेवटच्या ओळीत होतं आणि मी वाचलं नव्हतं. म्हणजे जे टाळायला पैसे मोजले, तेच संध्याकाळी पुढ्यात. वॉकर मिटवून मी खांद्याला अडकवला, सासूबाई एका हाताने कठडा आणि एका हाताने माझा दंड धरून एकेक पायरी उतरल्या. दंडावर बोटांचे वळ दोन दिवस होते. जाण्याचं विचाराल तेव्हा येण्याचंही विचारा.

टेंडरमध्ये चढण्याबद्दल थोडं. जहाजाच्या पोटातलं एक दार उघडतं, त्यापुढे लहानसा फलाट, त्याला लागून बोट. बोट लाटेबरोबर वरखाली होत असते, त्यामुळे पायाखालची फट कधी वीतभर, कधी हातभर. दोन खलाशी दोन्ही कोपरांना धरतात, "थांबा, थांबा" म्हणत राहतात, बोट वर आली की "आता!" त्या "आता"ला पाऊल आपलं आपणच टाकायचं असतं. ते आधार देतात, उचलत नाहीत. काही जहाजांवर आधी आतच एक पाऊल ओलांडून दाखवायला लावतात, जमलं तरच सोडतात. आम्हाला तेव्हा राग आला होता. लाट बघितल्यावर गेला.

टेकत टेकत:

अलास्काला जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघावं. ज्युनो, केचिकन या भागात पाणी दिवसात चार-पाच मीटर सहज चढतं-उतरतं आणि पाण्याबरोबर जहाज. सकाळी ज्या गँगवेवरून, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायच्या फळीवरून, मी काठी काखेत मारून रुबाबात उतरलो, तोच दुपारी घसरगुंडीसारखा उभा. कधी दारच बदलतं: सकाळी एका मजल्यावरून बाहेर, परतताना दुसऱ्याच मजल्यावर आत. स्वागतकक्षात "उतार सगळ्यात कमी कधी असेल?" असं सरळ विचारलं की सांगतात. मी दोन बंदरांत फेरफटक्याची वेळच त्यावर ठरवली.

आणि स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे चुकवू नका. सोन्याच्या शोधात माणसं लोटली तेव्हा, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली. गाडी धक्क्यापाशी येते, व्हीलचेअर वर घेणारा लिफ्टचा डबा असतो. फक्त तो आधी सांगून ठेवावा लागतो. जवळजवळ ८७० मीटरची चढण बसल्या जागी. त्या दिवशी माझ्या काठीला सुट्टी होती.

चार चाकं:

वर सासूबाईंना नेण्या-उतरवण्याचं चाललंय म्हणून लिहितो. मी चौदा वर्षं व्हीलचेअरवर आहे आणि मला कोणी घेऊन जात नाही, मी जातो. ढकलायला मागून कोणी न विचारता हात लावला की मला अजूनही चीड येते. असो.

तीन गोष्टी सांगतो. खडबडीत दगडी फरसबंदीवर पुढची छोटी चाकं फटीत अडकतात आणि माणूस तोंडावर येतो. मी पुढे एक मोठं सुटं चाक जोडतो, छोटी दोन उचलली जातात. हे चाक नसतं तर युरोपातली निम्मी बंदरं मला धक्क्यावरूनच बघावी लागली असती. क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिकला मोठी जहाजं बहुधा ग्रूझ बंदराला लागतात, जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटर. आत स्त्रादून हा मुख्य रस्ता सपाट, शतकानुशतकं पायांनी घासून आरशासारखा झालेला चुनखडीचा दगड, चाकांना लोण्यासारखा. पण दोन्ही बाजूंच्या गल्ल्या पायऱ्यांच्याच, आणि पाऊस पडला की तोच आरसा घात करतो. मी सरळ एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चार वेळा फिरलो. पोट भरलं.

व्हेनिस: चारशेहून जास्त पूल, बहुतेक पायऱ्यांचे. पण व्हापोरेत्तोत, म्हणजे तिथल्या जलबसमध्ये, चाकं घेऊन जाता येतं. पुलांशी भांडायचं नाही, पाण्यावरून जायचं. ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं सॅन मार्को चौकासमोरून जात नाहीत, मार्गेरासारख्या औद्योगिक धक्क्यांवर लागतात. कागदावर "व्हेनिस" दिसलं की "नेमकं कुठे?" हे विचारा.

शेवटची, कंटाळवाणी पण कामाची. युरोपीय संघातल्या बंदरातून क्रूझ सुरू होत असेल तर ११७७/२०१० हा नियम लागू होतो. चढता-उतरताना बंदरात मदत मिळते, फुकट. कमीत कमी ४८ तास आधी कळवायचं. मी ईमेलनेच कळवतो आणि उत्तराची छापील प्रत खुर्चीच्या खिशात ठेवतो. कागद दाखवला की "आम्हाला कोणी सांगितलंच नाही" हे वाक्य गिळलं जातं.

बॅटरी लाल:

स्कूटरवाल्यांसाठी, म्हणजे चालणं जमत नाही त्यांच्या बॅटरीवरच्या छोट्या गाडीबद्दल. स्कूटर बाहेर मार्गिकेत ठेवू देत नाहीत, ती खोलीतच मावली पाहिजे आणि साध्या खोलीचं दार तिला अरुंद पडतं. रुंद दाराच्या खोल्या मोजक्याच असतात आणि लवकर जातात, म्हणून आधी खोली, मग तारखा. जड स्कूटर टेंडरमध्ये सहसा घेत नाहीत.

माझी फजिती: एका बंदरात धक्काच इतका लांब की गावापर्यंत जाऊन येण्यातच बॅटरीचे तीन दिवे विझले. परतताना लाल. मी एसटीतल्या कंडक्टरसारखी उभी राहून स्कूटर ढकलतेय आणि बाजूने लोक फोटो काढत चाललेत. जहाज सुटायच्या बऱ्याच आधी सगळ्यांना आत यावं लागतं, त्यामुळे घाम दुहेरी.

आतून दमलेली:

माझं दुखणं दिसत नाही. वय एकेचाळीस, फुप्फुसं निम्मी. व्हीलचेअरच्या रांगेत उभी राहिले की लोक वरपासून खालपर्यंत बघतात. एका बाईंनी तर "तुम्ही चुकून इथे" असं हसत सुचवलं. मी आता घडीची स्टूलवाली काठी वापरते आणि रांगेतच बसते. बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, गंमतच आहे.

बंदर आणि कार्यक्रमात छापलेलं शहर यांची गल्लत करू नका. "रोम" म्हणजे चिवितावेकिया, तिथून रोम साधारण ८० किलोमीटर. बंदरातल्या शटलने फाटक, मग स्टेशन, मग गाडी, मग रोमच्या दगडांवर चालणं. मी शटलपर्यंत गेले, हिशोब केला आणि त्या गावातच समुद्राकडे तोंड करून बसले. जहाजाची व्हीलचेअर बहुधा चढण्या-उतरण्यापुरतीच मिळते, गावात न्यायला नाही. हेही मी तिथेच शिकले.

चौथा डेक:

मी उतरतच नाही. सगळे गेले की पोहण्याचा तलाव रिकामा, लिफ्ट रिकाम्या, वरच्या मजल्यावरून अख्खं बंदर दिसतं. नवरा फिरून येतो आणि मला दोन तास पायऱ्यांची संख्या सांगतो.

हळूबाई:

सगळ्यांचं लिहून घेतलंय. एक भाबडा प्रश्न: गँगवेला कधी कधी पायऱ्याही असतात, तिथे कोणता पाय आधी?

टेकत टेकत:

माझ्या फिजिओने पाठ करून घेतलंय: चढताना चांगला आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायासोबत.

हळूबाई:

आणि दोन्ही बदललेले असतील तर?

टेकत टेकत:

त्या दिवशी ज्याची कुरकुर जास्त, तो दुखरा. एक हात कठड्याला हवाच. मागचे थांबतात, आपण वळून बघायचं नाही.