परार्ध म्हणजे नेमके किती?

प्रश्न : पूजेच्या संकल्पात गुरुजी 'ब्रह्मणो द्वितीये परार्धे' असे म्हणतात आणि एकं, दहं, शतं, सहस्र या क्रमाच्या शेवटीही परार्धच येतो. हे दोन्ही परार्ध एकच आहेत का?

उत्तर : नाहीत. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील (इ.स. ११५०) यादीत दहा-दहा पटींनी चढत जाणारी अठरा स्थाने असून परार्ध हे त्यांतील अठरावे, म्हणजे एकावर सतरा शून्ये. संकल्पातला परार्ध मात्र कालगणनेचा आहे. 'पर' म्हणजे ब्रह्मदेवाचे संपूर्ण आयुष्य आणि परार्ध म्हणजे त्याचे अर्धे. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि रात्रही तेवढीच, असे ३६० अहोरात्र मिळून एक वर्ष, आणि अशी पन्नास वर्षे धरली की १५,५५,२०,००,००,००,००० मानवी वर्षे होतात. ही संख्या पंधरा अंकी आहे, तर लीलावतीतली अठरा अंकी.

या दोन संख्यांचे मूळ अवयव पाडून पाहावेत, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते, कारण प्रत्येक संख्या कशी घडली हे त्यांतून स्वच्छ दिसते. लीलावतीतला परार्ध म्हणजे २ चा सतरावा घात गुणिले ५ चा सतरावा घात. तिसरी मूळ संख्या त्यात नाहीच. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते, म्हणून येथे १८ × १८ = ३२४ विभाजक. संकल्पातल्या परार्धात २ चा सोळावा, ३ चा पाचवा आणि ५ चा दहावा घात आहे, त्यामुळे विभाजक १७ × ६ × ११ = ११२२. म्हणजे सुमारे ६४३ पटींनी लहान असूनही तिचे विभाजक तिपटीहून अधिक आहेत. हे सारे ४३२ आणि ३६० मधून आलेल्या तीनच्या घातामुळे घडते. युगे आणि महिने यांत वाटणी करायची असलेल्या संख्येला तो हवाच. लीलावतीतला परार्ध तिघांत वाटू लागलो, तर एक उरतोच.

पुरवणी : यजुर्वेदातील यादीतही परार्ध शेवटीच येतो, परंतु तिथे तो तेरावा आहे, म्हणजे एकावर बारा शून्ये. त्यामुळे जुन्या ग्रंथातला परार्ध अंकांत मांडताना तो कोणत्या यादीतला आहे, हे लिहिणे आवश्यक ठरते. हिंदीतून अनुवाद करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे : लीलावतीच्या क्रमातला खर्व म्हणजे दहा अब्ज, पण हिंदीतला खरब म्हणजे शंभर अब्ज. खरबच्या जागी खर्व लिहिल्यास मूळ आकडा दहापटीने घटतो. त्याऐवजी 'शंभर अब्ज' असे लिहावे.