मदत हवी आहे : बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार आधी मानवी हक्क आयोगाकडे करावी की उच्च न्यायालयात?

नमस्कार. दहा महिन्यांपूर्वी माझ्या भाच्याला चोरीच्या एका गुन्ह्यात चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावले. मंगळवारी संध्याकाळी सातला तो गेला आणि त्याला परत सोडलेच नाही. कागदोपत्री त्याची अटक गुरुवारी दुपारी दाखवली आणि शुक्रवारी सकाळी त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले. कागद पाहिले तर सारे 24 तासांच्या आत बसते. प्रत्यक्षात तो 60 तासांहून अधिक काळ ठाण्यात होता. सध्या तो जामिनावर बाहेर आहे. तो दोषी आहे की नाही, हे न्यायालय ठरवेल आणि त्याबद्दल मला इथे काही विचारायचे नाही. माझा प्रश्न फक्त त्या दोन हिशेबाबाहेरच्या रात्रींचा आहे.

राज्यघटनेचे कलम 22 आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 58 यांत 24 तासांची मर्यादा अगदी स्पष्ट आहे. मात्र अटकेची वेळ लिहिणारा हात पोलिसांचाच असल्यामुळे ती मर्यादा कधीपासून मोजायची, हेही तेच ठरवतात, आणि आमची सगळी अडचण इथेच आहे.

अटकेच्या पंचनाम्याची प्रत मी अनेकदा वाचली आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा त्या परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. आमच्या प्रतीवर ज्याची सही आहे, त्या माणसाला आमच्यापैकी कोणीही ओळखत नाही. त्याच दुपारी माझी थोरली बहीण, म्हणजे मुलाची आई, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन ठाण्याच्या व्हरांड्यातील बाकावर बसून होती. सही हवी होती, तर दहा पावलांवर आई होती. बुधवारी दोन्ही वेळचा डबा तिनेच पोचवला होता आणि तो आत घेतलाही गेला होता. ज्याला अटकच झालेली नाही, त्याचा डबा आत कसा गेला, याचे उत्तर आम्हाला कोणी दिलेले नाही.

तो आत होता तेव्हाच उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असा आदेश मागणारी देहोपस्थितीची याचिका करता आली असती, हे आम्हाला फार उशिरा कळले. कोठडीतील व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही तेव्हा ठाऊक नव्हते. (ज्यांच्या घरी आज अशी वेळ आली असेल त्यांनी 15100 या क्रमांकावर लगेच फोन करावा, ही कळकळीची विनंती.)

आता घाईचे कारण सांगतो. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, 1993 च्या कलम 36 नुसार घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोग चौकशी करू शकत नाही. दुसरीकडे, पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्ही चित्रीकरण 18 महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितले आहे. म्हणजे तक्रारीची मुदत आणि पुराव्याचे आयुष्य दोन्ही एकाच सुमारास संपू शकतात. माहितीच्या अधिकारात चित्रीकरण मागितले, तेव्हा तपासात बाधा येईल असे कारण देऊन कलम 8(1)(ज) खाली नकार मिळाला. त्यावर पहिले अपील केले आहे, पण त्याचा निर्णय लागेपर्यंत चित्रीकरण शिल्लक राहील का, या विचाराने झोप लागत नाही.

आयोगाकडे अर्जाला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही आणि साक्षीदार व कागदपत्रे बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत. पण शेवटी आयोग शिफारसच करतो. उच्च न्यायालयाचा आदेश मात्र राज्यघटनेच्या कलम 226 खाली बंधनकारक असतो आणि भरपाईही मिळू शकते. निर्दोष सुटूनही 14 वर्षे तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांना सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये कलम 32 खाली भरपाई देवविली, तेव्हापासून ही वाट खुली आहे. आमच्या ऐपतीचा विचार करता आयोग जवळचा वाटतो आणि पुराव्याचा विचार केला की न्यायालय.

जाणकारांनी कृपया पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे. आयोगाकडे तक्रार करतानाच चित्रीकरण जपून ठेवण्याचा तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो का, आणि तो साधारण किती दिवसांत मिळतो? मूळ गुन्ह्याचा खटला चालू असल्याने प्रकरण न्यायप्रविष्ट आहे असे सांगून आयोग अर्ज बाजूला ठेवील का? राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचा अनुभव कोणाला असल्यास तोही कळवावा.

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असे विचारले, तेव्हा भाचा ‘नाही’ म्हणाला आणि तसे नोंदले गेले आहे. ज्यांनी दोन दिवस बसवून ठेवले ते पोलीस शेजारीच उभे होते आणि पुन्हा त्यांच्याबरोबरच जायचे होते. त्या एका शब्दामुळे पुढचे सगळे दरवाजे बंद होतात का, की ताईचे प्रतिज्ञापत्र, मंगळवारी ठाण्यातून आलेल्या फोनची नोंद आणि पंचनाम्यावरील अनोळखी सही यांच्या आधारे ती नोंद खोडून काढता येते?