प्रतिसाद: हृदयाभोवतीचं पाणी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

तुमच्या कुत्र्याच्या हृदयाभोवतीचं पाणी दोनदा सुईने काढूनही पुन्हा भरलं, आता छाती उघडायची का, असं तुम्ही विचारलंय. उघडावीच लागेल असं नाही. आमच्या कुत्रीचं दुर्बिणीने केलं होतं. बरगड्यांच्या मधून दोन-तीन बारीक छिद्रं पाडतात आणि हृदयाच्या आवरणाचा, म्हणजे पेरिकार्डियमचा, एक तुकडा कापून खिडकी ठेवतात. पाणी मग छातीच्या पोकळीत उतरतं, तिथे ते शोषलं जातं आणि हृदयावर दाब राहत नाही. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत, म्हणून दुखणंही बरंच कमी.

आधी ती कोपरं बाहेर काढून उभी राहायची, हिरड्या पांढुरक्या पडलेल्या. घरी आणली तेव्हा भादरलेल्या कातडीवर तीन छोटे टाके, आणि शेपूट हलत होतं! फार रडले मी तेव्हा.

पण आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नीट करून घ्याच. उजव्या कर्णिकेवर, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यावर, गाठ असेल, विशेषतः हिमँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कॅन्सर), तर खिडकीने फारसं आयुष्य वाढत नाही, उलट गाठीचं रक्त छातीत मोकळं वाहू शकतं. आणि पाणी उतरावं म्हणून लघवीचं औषध मनाने देऊ नका, त्याने रक्तदाब आणखी पडतो.