बूस्टर नसतानाही ६५ वर्षं
एकदा होऊन गेलेला गोवर परत होत नाही, कारण व्हायरस आजूबाजूला फिरत राहतो आणि त्याने प्रतिकारशक्तीला आपोआप बूस्टर (म्हणजे नव्याने उजाळा) मिळतो, असं काही जण म्हणतात. थोडंफार पटतं, पण उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांचं बघा ना, तिथे १७८१ ला गोवराची साथ आली आणि मग थेट १८४६ ला, मधली ६५ वर्षं गोवर नव्हताच. दुसऱ्या साथीत साधारण ७८०० पैकी ६००० लोक आजारी पडले, पण पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने गावोगाव फिरून नोंदवलं की १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो परत झाला नाही!

म्हणजे मेमरी सेल्स (आजार लक्षात ठेवणाऱ्या पेशी) आणि बोन मॅरोमध्ये राहून अँटिबॉडी बनवत राहणाऱ्या प्लाझ्मा सेल्स बूस्टरशिवायही संरक्षण इतकी वर्षं टिकवतात, मला तरी हे फार भारी वाटतं. अर्थात सगळ्या आजारांत असं नसतं हं.